अंगी लागत नाही

तिच्या लहानपणी आईचा एक खुलासा ठरलेला असायचा. घरी कुणी आलं आणि मुलीच्या मनगटांकडे बघून चुकचुकलं, की आई लगेच म्हणायची, "खाते हो पोटभर. पण अंगी लागत नाही." आईच्या करण्यात काही कसूर नव्हती. ती ताटाशी बसून वाढायची, पावाच्या जाड कापावर बोटभर लोणी थापायची, निजण्याआधी दुधात बिस्किटं कुस्करून द्यायची. त्याच हातचं, त्याच भांड्यातलं खाऊन धाकटा भाऊ दहाव्या वर्षी तिच्यापेक्षा उंच झाला आणि ती आपली उन्हात वाळत घातल्यासारखी. जेवण झालं की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. तोंडात फोड यायचे, पायांत गोळे यायचे. वडिलांच्या मते हे सगळे न जेवायचे बहाणे होते. आईने जंतांची औषधं दिली, टॉनिकच्या बाटल्या रिकाम्या केल्या आणि शेवटी हात टेकले. पोरगी काटक आहे, एवढ्यावर तिने समाधान मानलं.

खरं तर पोरगी कायमची थकलेली होती. पण जी जन्मापासूनच थकलेली आहे तिला ताजंतवानं वाटणं म्हणजे काय हे कुठून कळणार? तिला वाटायचं, जिना चढून आलं की सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, फक्त बाकीचे लोक त्याचा बाऊ करत नसतील. म्हणून तिनेही बाऊ करणं सोडून दिलं.

एकोणिसाव्या वर्षी ती शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात पुस्तकबांधणी शिकायला लागली. बांधणीची खोली तळघरात होती, लांबट आणि थंड. एकुलती एक खिडकी बरोबर रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे बाहेरून जाणाऱ्यांचे गुडघ्याखालचे पाय तेवढे दिसायचे. वरच्या मजल्यांवर वाचकांनी हाताळून खिळखिळी केलेली पुस्तकं खाली यायची. ती उसवायची, छापील पानांचे गठ्ठे, म्हणजे फर्मे, क्रमाने लावायचे, फाटक्या कडांना पातळ कागद जोडायचा, शिवायचं, कण्याला कापड चिकटवायचं आणि पुठ्ठा चढवून दाबयंत्राखाली ठेवायचं. तिला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाइंडरला सगळे वस्ताद म्हणत. दर सोमवारी सकाळी ते गव्हाच्या पिठाची खळ शिजवत. बाजारच्या डिंकाला त्यांनी जन्मात हात लावला नाही. गव्हाची खळ शंभर वर्षं धरून ठेवते आणि वेळ आली की पाण्याने मुकाट सुटतेही, असं ते सांगत, म्हणजे पुढच्या बाइंडरने आपल्या नावाने बोटं मोडायला नकोत. वस्ताद निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणाला घ्यायचं हे कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. खोली तिच्या एकटीकडे आली. तोवर सगळं ग्रंथालय तिला बाइंडरबाई म्हणू लागलं होतं. वस्तादांची खळ तिने तशीच चालू ठेवली.

मधल्या काळात तिचं लग्न होऊन मोडलं होतं. नवरा सर्वेक्षण कार्यालयात नकाशे काढायचा. सरळ माणूस, आवाज चढवून बोलणं त्याला जमायचं नाही. पाच वर्षांत तिला तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, अशक्तपणा आहे, भरपूर खा. सासूने कधी वाकडा शब्द काढला नाही, पण तिसऱ्या खेपेनंतर तिच्याकडे बघून बोलणं थांबवलं. लोक म्हणत नवऱ्याने टाकली. वेगळं व्हायची गोष्ट खरं म्हणजे तिनेच काढली होती. तो नाही म्हणेल असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला, तुला योग्य वाटेल तसं. हे वाक्य तिला पुढे कितीतरी वर्षं पुरलं.

त्याने दुसरं लग्न केलं, त्याला दोन मुलगे झाले. त्याच्या कार्यालयातले नकाशांचे जाडजूड खंड बांधणीसाठी तिच्याकडेच यायचे आणि वर्षातून दोनदा तो स्वतः ते घेऊन यायचा. टेबलाच्या दोन बाजूंना उभं राहून दोघं कापडाचा रंग आणि कण्याची रुंदी ठरवायची. लग्नात तो तिला अगं-तुगं करायचा, आता तुम्ही म्हणायचा. ती आधीही तुम्हीच म्हणायची, त्यामुळे तिला काही बदलावं लागलं नाही.

भावाला मात्र तिचं वेगळं होणं पटलं नाही. "ताई, तू घर टिकवायला हवं होतंस," एवढं तो एकदाच बोलला. तिने ते मनाला लावून घेतलं आणि त्याच्याकडे जाणं-येणं कमी केलं. लोखंडी सामानाच्या एका दुकानाच्या वर तिने दोन खोल्या घेतल्या. तिथे ती एकटी राहायची, एकटी रांधायची. पुढे आई गेली. आता तिच्या न लागणाऱ्या अंगाचा खुलासा करायलाही कुणी उरलं नाही.

सत्तेचाळिसाव्या वर्षी एक दिवस दाबयंत्राचं चाक फिरवता फिरवता ती खाली बसली ती उठेचना. हाक मारायला गेली तर आवाज फुटेना. खिडकीतून लोकांचे बूट येत-जात होते. तासाभराने शिपाई पुस्तकांची गाडी घेऊन खाली आला तेव्हा ती भिंतीला टेकून तशीच बसलेली होती. शिपायाने आरडाओरडा न करता तिला आधी पाणी दिलं आणि मग दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तर जेमतेम निम्मंच भरलं. तिथली डॉक्टरीण तरुण होती आणि सर्दीने बेजार झाली होती. नाक पुसत तिने विचारलं, काय काय होतं ते राहू द्या, तुम्ही दिवसभरात खाता काय ते सांगा.

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. बाइंडरबाईने सांगितलं. सकाळी पाव, दुपारी पाव आणि भाजी, संध्याकाळी बिस्किटं. आणि पोट बिघडलं असेल तर फक्त चहा आणि टोस्ट, हलकं म्हणून.

डॉक्टरीण लिहायची थांबली. "आणि पोट कधी बिघडतं?"

तिने जरा विचार केला. "बिघडलेलंच असतं," ती म्हणाली.

मग रक्ताच्या आणखी तपासण्या झाल्या, घशातून नळी घालून आतड्याचा नमुना घेतला. तोवर खाणं मुळीच बदलू नका, नाहीतर तपासणीत काही सापडायचं नाही, असं डॉक्टरिणीने बजावलं होतं. तिने इमानेइतबारे आणखी पंधरा दिवस पाव खाल्ला. अहवाल आला तेव्हा डॉक्टरिणीने कागदावर आकृती काढून दाखवली. आतड्याला आतून मखमलीसारखं अस्तर असतं, त्या मखमलीच्या लवेतून अन्नाचा कस अंगात जातो. गहू, जव आणि राय या धान्यांमध्ये ग्लूटेन नावाचं द्रव्य असतं, कणकेला ताण देणारं. काही माणसांचं शरीर त्यालाच शत्रू समजतं आणि त्या भांडणात आपलंच अस्तर घासून सपाट करून टाकतं. "याला सिलिॲक म्हणतात. तुमची मखमल पार गेलीय. किती वर्षं, ते सांगता यायचं नाही. कदाचित लहानपणापासून." औषध नव्हतं. गहू सोडायचा, आयुष्यभर. थोडासाही चालणार नाही का, असं तिने विचारलं. कणभरही नाही, डॉक्टरीण म्हणाली.

बसमध्ये बसल्यावर तिला आनंद झाला. खोटं कशाला बोला, तिला फार आनंद झाला. चाळीस वर्षं जे नखरे होते, चोचले होते, अशक्तपणा होता, त्याला एक नाव निघालं होतं आणि त्यावर शिक्का मारलेला कागद तिच्या पिशवीत होता. खाल्लेलं अंगी लागत नाही हे आईचं म्हणणं शब्दन् शब्द खरं होतं. हे कुणाला तरी सांगायला ती अगदी उतावीळ झाली. कुणाला सांगावं याचा विचार करता करता तिचा थांबा आला. शेवटी तिने खालच्या लोखंडी सामानवाल्याला सांगितलं. तो बिजागऱ्या मोजत होता. "हल्ली काय काय आजार निघालेत," तो म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.

त्या रविवारी तिने स्वयंपाकघर रिकामं केलं. पिठाचा डबा, बिस्किटांचा डबा, रवा, टोस्टची पाकिटं, सगळं शेजाऱ्यांना देऊन टाकलं. लाकडी पोळपाटाच्या भेगांत पीठ बसलेलं असतं, म्हणून तोही काढला. नवी चाळणी आणली, नवा तवा आणला. दुकानात ती पाकिटांवरची बारीक अक्षरं बांधणीच्या कामातल्या भिंगाने वाचू लागली. सॉसमध्ये गहू, सूपच्या पुडीत गहू, मसाल्याच्या मिश्रणात गहू. दुकानातली मुलगी पहिल्यांदा हसली, नंतर तिच्यासाठी उजेड पडेल अशी बाजूला सरकून उभी राहू लागली. भात, डाळ, बटाटे, अंडी, मक्याचं पीठ, यातच फिरून फिरून सगळं करायचं होतं. तांदळाच्या पिठाचा पाव तिने करून बघितला. तो विटेसारखा झाला. दुसऱ्यांदा केला तो विटेच्या भुकटीसारखा झाला.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी ती ग्रंथालयाच्या पायऱ्या चढून वर गेली, दुरुस्तीच्या पुस्तकांची पत्रकं घेतली, खाली आली आणि मग तिच्या ध्यानात आलं की मधे आपण कुठे थांबलोच नाही. ती परत वर गेली. परत खाली आली. अंधारी आली नाही. रोज सकाळी इतर लोकांना असं वाटतं होय, असं तिच्या मनात आलं आणि तिला त्या लोकांचा थोडा रागही आला.

ग्रंथालयात दुपारी पाच-सहा जण एका टेबलाशी डबे उघडून बसत. तिथे डबे एकमेकांपुढे सरकवायची पद्धत होती. पुस्तकांच्या याद्या करणाऱ्या सूचिकाराची बायको सुगरण, तिने दिलेल्या पावावर सगळ्यांची झडप असायची. बाइंडरबाईने हात आखडता घेतला तेव्हा पहिले काही दिवस सगळ्यांनी चौकशी केली. मग सल्ले आले. मग चेष्टा आली. कुणाचा तरी वाढदिवस असला की केक कापला जायचा आणि तिच्यापुढे धरला जायचा. नको म्हटलं की सूचिकार म्हणायचा, "एका घासाने काय जीव जातोय?" तो वाईट माणूस नव्हता. तिला तिचा डबा, तिचा चमचा आणि तिचा तो सावधपणा यांतून ओढून पुन्हा आपल्यात घ्यावं असंच त्याला वाटत असावं. पण दर वेळी आजाराची गोष्ट पहिल्यापासून सांगणं तिच्या जिवावर येऊ लागलं. एकदा कुणीतरी पावाचे तुकडे झटकले आणि ते तिच्या भातावर पडले. ती डबा बंद करून उठली.  दुसऱ्या दिवसापासून ती खाली आपल्या खोलीतच जेवू लागली. बोलवायला कुणी आलं नाही. सगळ्यांना थोडं सुटल्यासारखंच झालं असणार, आणि खरं सांगायचं तर तिलाही.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. तिला वाटलं होतं डॉक्टरीण शाबासकी देईल. डॉक्टरीण अहवालाकडे बघत राहिली. रक्त थोडं वाढलं होतं, पण आतलं भांडण काही मिटलेलं दिसत नव्हतं. तिने एकेक गोष्ट विचारली. औषधाच्या गोळ्या कुठल्या, दंतमंजन कुठलं, बाहेर कुठे जेवता का. सगळ्याला नाही म्हटल्यावर तिने पेन खाली ठेवलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "अधूनमधून खाता का काही? पुष्कळ जण खातात. मी रागावणार नाही."

 एकाच माणसाने बाइंडरबाईवर विश्वास ठेवला होता आणि आता त्यानेही हात काढून घेतला. ती नाही एवढंच म्हणाली आणि उठली. त्या आठवड्यात ती कुणाशी फारसं बोलली नाही. बोलायचं म्हटलं तरी होतं कोण?

पुढच्या मंगळवारी एका जुन्या शब्दकोशाचं काम होतं. अकराशे पानं, क्रम लावून एकेक तपासायची. ती बोट ओलं करून पानं उलटत होती. खळीचं वाडगं उजव्या हाताशी, डबा डाव्या हाताशी. चारशेच्या आसपास कुठेतरी तिचं बोट ओठांवरच थांबलं. तिला एक चव लागली. पिठूळ, किंचित गोडसर, आठवडा जुनी असली की जराशी आंबूस. ही चव तिच्या जिभेवर अठ्ठावीस वर्षं होती, इतकी अंगवळणी पडलेली की ती चव आहे हेच तिला माहीत नव्हतं.

तिने बोट खाली घेतलं आणि नखाकडे बघितलं. नखाच्या कडेला वाळलेल्या खळीची पांढरी रेघ होती. मग उरलेला दिवसभर ती स्वतःवर पाळत ठेवून बसली. पान उलटायला बोट तोंडात. सुईत ओवायला दोऱ्याचं टोक तोंडात, आणि दोरा खळ लावलेल्या कण्यावरून ओढलेला. दोन्ही हात गुंतले की कुंचल्याचा दांडा दातांत. तासाभरात तिने चाळीसपर्यंत मोजलं आणि मग मोजणं सोडलं. शिवाय सोमवारी पीठ चाळताना उडणारा धुरळा. घरात तिने चाळणीसुद्धा बदलली होती आणि इथे ती दिवसभर गहू चाटत बसली होती. ती मोठ्याने हसली. खोलीत हसणं घुमलं आणि आपलंच हसणं परक्यासारखं ऐकून ती गप्प झाली.

तांदळाची खळ जमवायला तिला दोन महिने लागले. पहिली पाणचट झाली, दुसरीत गुठळ्या, तिसरी चिकटायची पण वाळल्यावर पापुद्र्यासारखी सुटायची. शेवटी पीठ दोन दिवस भिजवून, दोनदा गाळून, मंद आचेवर हात न थांबवता घोटलं तेव्हा जमलं. पानं उलटायला तिने ओल्या स्पंजची डबी ठेवली. ही खळ वस्तादांना दाखवावी असं तिला फार वाटलं, पण वस्ताद जाऊन चार वर्षं झाली होती.

पुढच्या तपासणीचा अहवाल बघून डॉक्टरिणीने खुर्ची सरकवली आणि तिची माफी मागितली. मग खळीची सगळी हकीकत दोनदा सांगायला लावली. ती फाइलमध्ये लिहून घेता घेता तिने सहज विचारलं, मुलंबाळं? बाइंडरबाईने तीन वेळांचं सांगितलं. डॉक्टरिणीचं पेन पुन्हा थांबलं.

"यामुळे असू शकतं," ती जपून म्हणाली. "खात्रीने नाही सांगता येणार. पण या आजारावर उपचार झाले नाहीत तर असं घडतं." थोड्या वेळाने तिने आणखी एक गोष्ट सांगितली. हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो, भाऊ-बहीण असतील त्यांनी तपासून घ्यावं, त्यांच्या मुलांना काही त्रास असेल तर त्यांनीही.

त्या दिवशी ती बसमधून उतरायची विसरली आणि शेवटच्या थांब्यावरून चालत आली.

महिन्याभराने नकाशांचे खंड घेऊन पूर्वीचा नवरा आला. कापड निळं की काळं ते ठरलं. तो निघणार एवढ्यात ती म्हणाली, "मला तेव्हा काय होत होतं ते कळलं."

त्याने चष्मा काढला. तिने पाच-सहा वाक्यांत गव्हाचं आणि जवाचं सांगितलं. कदाचित, हा शब्द तिने दोनदा वापरला. तो नकाशाच्या कडेवरून नख फिरवत राहिला.

"आई तुला दुधातून माल्ट द्यायची," तो म्हणाला. "ताकद यावी म्हणून. दोन वेळा."

"हो. मी सगळं संपवायचे."

माल्ट म्हणजे जव. हे आता दोघांनाही कळलं होतं आणि कुणीच ते बोललं नाही. तो पावती घेऊन जिन्याकडे गेला. पावलं वर गेली, थांबली आणि पुन्हा खाली आली. दारातूनच त्याने विचारलं, "आता जेवतेस ना नीट?"

"जेवते," ती म्हणाली.

तो तिला तू म्हणाला हे त्याच्या ध्यानात आलं की नाही कोण जाणे. पुढच्या खेपेला नकाशे आले ते शिपायाच्या हाती, आणि त्यानंतरही नेहमी शिपायाच्याच हाती. तिला त्याचा राग आला नाही. तो काय तोंड घेऊन येणार होता? फक्त वर्षातून दोनदा दुसऱ्या माणसाशी उभ्या उभ्या दहा मिनिटं बोलणं व्हायचं, तेही गेलं.

भावाला फोन केला तो भावजयीने घेतला. तिची मुलगी तेवीस वर्षांची, परिचारिकेचं शिक्षण घेत होती ते मधेच सोडून घरी येऊन बसली होती. दिवस दिवस झोपून असते, भावजय म्हणाली, जीव नाही अंगात. "अगदी आत्यावर गेलीय बघा, ताई. खाते, पण अंगी लागत नाही."

बाइंडरबाई रविवारी दुपारी त्यांच्याकडे गेली. सात वर्षांनी नणंद येणार म्हणून भावजयीने केक केला होता. तिने पिशवीतून आपला डबा काढला तेव्हा भावजयीचा चेहरा उतरला. तिने समजावून सांगितलं, पण ऐकणाऱ्याला त्यात आमच्या घरचं नको एवढंच ऐकू येत होतं. भाऊ वर्तमानपत्राची घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घालत होता. भाची दाराशी केकची बशी घेऊन उभी होती. तिची मनगटं बघून बाइंडरबाईला क्षणभर आपण आरशापुढे आलोत असं वाटलं.

तिने डॉक्टरिणीचा कागद टेबलावर ठेवला आणि तपासणीचं सांगितलं. भावाने कागदाला हात लावला नाही.

"ताई, तुझं जे झालं ते झालं," तो म्हणाला. "आता माझ्या मुलीला आजार चिकटवू नकोस. उद्या तिचं लग्न करायचंय मला."

"मी कुठे चिकटवतेय? असलाच तर तो आई-वडिलांकडून आपल्या दोघांकडे आलाय."

"मला काही झालेलं नाही."

"चांगलं आहे की. तू तपासून घे, तिलाही घेऊ दे. आणि तपासणी होईपर्यंत तिचं खाणं बदलू नका, नाहीतर सापडणार नाही."

 भावजयीने तिला चहा दिला, तो तिने घेतला. निघताना ती म्हणाली, येते. भाऊ दारापर्यंत आला नाही. कागद टेबलावर जसाच्या तसा होता. रस्त्यावर आल्यावर तिने एकदा वळून वर बघितलं, खिडकीत कुणी नव्हतं.

चार महिने काहीच कळलं नाही. मग एका संध्याकाळी फोन वाजला. "आत्या," भाची म्हणाली, "मी तपासणी करून घेतली. आहे."

 वाईट वाटलं म्हणावं तर ते खरं नव्हतं आणि बरं वाटलं हे तर बोलायची सोय नव्हती. बाइंडरबाईने विचारलं, "बाबांना सांगितलंस?"

"नाही अजून. तुलाच पहिल्यांदा सांगतेय."

भाचीने बाबांना कधी आणि कसं सांगितलं ते तिला कळलं नाही. भावाने स्वतःचीही तपासणी गुपचूप करून घेतली आणि त्याला काही निघालं नाही, हे भाचीकडूनच कळलं. त्याने काही फोन केला नाही. भावजयीने मात्र एकदा मुलीच्या तोंडून निरोप पाठवला, की तांदळाच्या पिठाचा पाव विटेसारखा होतो, तो फुगतो कसा? बाइंडरबाईने उलट निरोप पाठवला की मलाही जमलेला नाही, जमला तर कळव.

भाचीचे फोन येत राहिले. आत्या, व्हिनेगर चालतं का? आत्या, मैत्रिणीच्या घरी एकाच तेलात सगळं तळतात, मग काय करू? आत्या, सगळे म्हणतात एवढ्याशाने काय होतंय, तू काय सांगायचीस? शेवटच्या प्रश्नावर ती बराच वेळ बोलली. आयुष्यात ती एवढं सलग कधी बोलली नसेल. बोलून झाल्यावर तिचा घसा दुखला. वर्षभरात भाचीच्या अंगावर थोडं मांस आलं, जिने चढता येऊ लागले, आणि तिने दुसऱ्या शहरात जाऊन राहिलेलं शिक्षण पुन्हा सुरू केलं. तिथल्या मेसवाल्या बाईला तिने कसं पटवलं, वेगळं भांडं कसं ठेवायला लावलं, हे सगळं तिने फोनवर हसत हसत सांगितलं.

त्यानंतर फोन कमी होऊ लागले. आधी दर रविवारी यायचा, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. बाइंडरबाईला कारण कळत होतं. पोरीला आता सगळं येत होतं. पाकिटावरची अक्षरं ती भिंगाशिवाय वाचत होती, नाही म्हणायला शिकली होती, तिच्या मैत्रिणी तिच्यासाठी भात करून ठेवत होत्या. विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं. हे चांगलंच झालं होतं. रविवारी दुपारी भांडी विसळून झाली की ती हात पुसत फोनपाशी बसायची आणि हे चांगलंच झालं असं स्वतःला सांगायची.

अशाच एका रविवारी, शेवटचा फोन येऊन पाच आठवडे होऊन गेले होते. रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. बाइंडरबाईने फोन उचलला. काय सांगून करायचा याचा तिने आधी विचार केला. नवीन काही वाचलं का? नाही. तब्येतीचं काही? ठणठणीत होती. तिने नंबर फिरवला.

"आत्या? काय झालं गं? बरी आहेस ना?" भाचीचा आवाज घाबरला होता, कारण आत्याने आपणहून कधी फोन केलाच नव्हता.

"बरी आहे," ती म्हणाली. "काही काम नाही. सहज केला."

 पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि भाची म्हणाली, "थांब, दार लावून घेते. मग बोल."